रॅम बदलताना चटका बसला नाही, तरी ती निकामी होऊ शकते. स्थिर विजेपासून इलेक्ट्रॉनिक भाग कसे वाचवायचे?

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून नवी रॅम मागवली जाते. व्हिडिओ बघत बघत कॅबिनेट उघडलं जातं, जुनी पट्टी निघते, नवी बसते आणि मशीन सुरूही होतं. दीड-दोन महिन्यांनी मात्र मध्येच निळा स्क्रीन यायला लागतो. विंडोज पुन्हा टाकून होतं, व्हायरस शोधून होतो, दुकानदाराशी वाद होतो. 'माल खराब होता' असं ग्राहक म्हणतो, 'बसवताना काहीतरी झालं असेल' असं दुकानदार म्हणतो. दोघांपैकी कोण खरं बोलतंय हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

अशा बिघाडामागे अनेक कारणं असू शकतात. त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे स्थिर विद्युत, म्हणजे दुकानातल्या भाषेत 'स्टॅटिक'. कारखान्यात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला ईएसडी म्हणतात. ही अक्षरं 'इलेक्ट्रोस्टॅटिक डिस्चार्ज'ची आहेत. त्याचा अर्थ, साठलेला विद्युतभार एका झटक्यात दुसऱ्या वस्तूत उतरणं.

हा भार येतो कुठून?

हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चटचट आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा बारीक चटका सगळ्यांनी अनुभवलेला असतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की एकाकडचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. एक धनभारित होतो, दुसरा ऋणभारित. घासण्याने हे जास्त होतं, पण नुसतं टेकून वेगळं होणंही पुरतं. खुर्चीवरून उठणं, चालताना पाऊल उचलणं, चिकटपट्टी ओढून काढणं ही सगळी त्याचीच उदाहरणं. कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन देतो आणि कोणता घेतो याचा एक ढोबळ क्रम आहे. माणसाची त्वचा, काच, नायलॉन, लोकर हे देणाऱ्यांच्या बाजूला, तर पॉलिएस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन हे घेणाऱ्यांच्या बाजूला. सुती कापड साधारण मध्ये पडतं, त्यामुळे अशा कामाला सुती शर्ट बरा.

हवेतला ओलावा इथे फार महत्त्वाचा. हवा दमट असली की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून भार हळूहळू वाहून जातो. हवा कोरडी असली की तो साठत राहतो. या विषयावरच्या तांत्रिक पुस्तिकांमध्ये वारंवार दिला जाणारा एक तक्ता आहे. गालिच्यावरून चालल्यावर कोरड्या हवेत शरीरावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो, दमट हवेत तोच १,५०० च्या आसपास राहतो. टेबलावरची साधी पॉलिथिनची पिशवी उचलताना हे आकडे २०,००० आणि १,२०० असे आहेत. ही कमाल मर्यादा आहे, रोज एवढं होतं असं नाही. पण दोन्हींमधला फरक बघण्यासारखा आहे.

म्हणून मुंबई-रत्नागिरीकडे जुलैत हा प्रश्न फारसा जाणवत नाही आणि नागपूर, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरला जानेवारीत जाणवतो. एसी खोलीचा हिशोब मात्र वेगळा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, त्यामुळे समुद्राजवळच्या ऑफिसातही हवा बऱ्यापैकी कोरडी असू शकते. अमेरिका, कॅनडा किंवा जर्मनीत राहणाऱ्यांना तर हिवाळ्यात हीटर आणि गालिचा असा दुहेरी मामला असतो. तिथे दाराची मूठ धरणं हीसुद्धा एक परीक्षा असते.

न जाणवणारा झटका जास्त वाईट का?

माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याहून कमी दाबाचा झटका बसून गेला तरी कळत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांचं तसं नाही. काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे १०० ते ३,००० व्होल्ट हा असा पट्टा आहे, जिथे भाग बिघडू शकतो आणि बिघडवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. 'मला तर काही जाणवलं नाही' हे वाक्य त्यामुळे पुरावा म्हणून कुचकामी आहे.

इथे एक शंका नेहमी येते. घरातली वीज २३० व्होल्ट, तिने माणूस मरतो. मग ३,००० व्होल्टने नुसता चटका कसा? उत्तर ऊर्जेत आहे. माणसाच्या शरीराची भार साठवण्याची क्षमता फार कमी असते, सुमारे १०० पिकोफॅरड. ३,००० व्होल्टला त्यात जेमतेम अर्धा मिलिज्यूल ऊर्जा मावते आणि ती एका सेकंदाच्या काही लाखाव्या भागात संपते. शरीराला ते किरकोळ आहे. पण चाचण्यांमध्ये वापरलं जाणारं माणसाचं प्रमाणित मॉडेल, म्हणजे १०० पिकोफॅरड आणि १,५०० ओहम, घेऊन हिशोब केला तर त्या क्षणी २ अँपिअरपर्यंत करंट वाहतो. तो चिपमधल्या केसापेक्षा कितीतरी बारीक वाटेने जायचा असतो.

आजच्या चिपमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचे असतात. माणसाचा केस ढोबळमानाने ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. अशा कामात वर्षानुवर्षं वापरला गेलेला सिलिकॉन डायऑक्साइड दर नॅनोमीटरला साधारण १ व्होल्ट सहन करतो. त्यापुढे त्याला भोक पडतं. कुठे थर फुटतो, कुठे धातूची बारीक तार वितळते.

चिप बनवणारे अर्थातच हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक पिनपाशी संरक्षक सर्किट असतं, ते जादा भार बाजूला वळवतं. मात्र ट्रान्झिस्टर लहान होत गेले, वेग वाढत गेला, तशी या संरक्षणाला जागा कमी पडू लागली. उद्योगानेच पूर्वीचं २,००० व्होल्ट सहनशक्तीचं उद्दिष्ट नंतर १,००० वर आणलं. कारण कारखान्यांत काळजी नीट घेतली जाते, असं गृहीत धरता येतं. घरातल्या टेबलाबद्दल असं कुणी गृहीत धरलेलं नाही.

बंद उपकरणाची फार चिंता नको. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप बाजारात येण्याआधी त्यांच्यावर हजारो व्होल्टचे झटके देऊन चाचणी होते. आयईसी ६१०००-४-२ या मानकाच्या चौथ्या पातळीवर थेट स्पर्शाला ८,००० आणि हवेतून १५,००० व्होल्टचा झटका दिला जातो. धोका सुरू होतो तो झाकण उघडल्यावर. सुटी रॅम, सुटा प्रोसेसर, सुटी एसएसडी आणि उघडा मदरबोर्ड हे सगळ्यात असुरक्षित.

'वीस वर्षं काम करतोय, कधी काही झालं नाही'

पुण्यातली तापकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो किंवा तालुक्याच्या स्टँडसमोरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. आणि ते खोटं नसतं. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. हात कॅबिनेटच्या पत्र्याला आपसूक लागतो, भार उतरून जातो. हवा दमट असते. पायाखाली फरशी असते. भागातलं संरक्षक सर्किट उरलेलं निभावून नेतं. रॅमला मुद्दाम झटके देऊनही ती चालूच राहिली, असे प्रयोग इंटरनेटवर बघायला मिळतात.

अडचण अशी की नुकसान दोन प्रकारचं असतं. एकात भाग जागीच मरतो, ते लगेच कळतं. दुसऱ्यात तो जखमी होतो. रोधक थर पूर्ण फुटत नाही, कमकुवत होतो. भाग चालतो, चाचणीही पास करतो आणि पुढे कधीतरी उष्णतेने किंवा सततच्या वापराने दगा देतो. असे जखमी भाग एकूण बिघाडांत किती असतात यावर अभियंत्यांमध्येही एकमत नाही. काही जण म्हणतात, ही भीती वाढवून सांगितली जाते. पण दुरुस्त केलेला फोन दोन महिन्यांनी बंद पडला, तर त्याचं खापर बॅटरीवर, डुप्लिकेट पार्टवर किंवा ग्राहकाच्या हाताळणीवर फुटतं, स्टॅटिकवर कधीच नाही. 'काही झालं नाही' याची नोंद ठेवणारी वहीच कुणाकडे नसते, तेव्हा या अनुभवाला किती वजन द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्या एसएसडीत मुलांचे फोटो किंवा धंद्याचा हिशोब आहे, तिच्यावर पैज लावणं तरी शहाणपणाचं नाही.

नेमकं करायचं काय?

सगळ्या उपायांमागे एकच तत्त्व आहे. माणूस, टेबल, उपकरण आणि सुटा भाग हे सगळे एकाच विद्युतदाबावर असले की भार उडी मारायला कारणच उरत नाही. जमिनीशी जोडणी असली तर उत्तम, पण आधी आपापसात जोडणी महत्त्वाची.

सगळ्यात स्वस्त उपाय फुकट आहे. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा, लॅपटॉप-मोबाईल असेल तर उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवावं. मग कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला उघडा हात टेकवावा. रंगावर टेकवून उपयोग नाही, रंग रोधक असतो. खुर्चीवरून उठलात, दोन पावलं चाललात, नव्या भागाची पिशवी आणलीत, की पुन्हा टेकवावा. घरी वर्षातून एकदा रॅम बदलणाऱ्याला एवढं बहुतेक वेळा पुरतं. फक्त ते आठवणीने प्रत्येक वेळी करावं लागतं आणि माणूस कामात गुंगला की नेमकं तेच विसरतो.

म्हणून मनगटी पट्टा, म्हणजे रिस्ट स्ट्रॅप. त्याची आतली धातूची बाजू थेट कातडीला टेकलेली हवी, शर्टाच्या बाहीवर बांधलेला पट्टा निव्वळ दागिना. दुसऱ्या टोकाची चिमटी कॅबिनेटच्या उघड्या धातूला किंवा अर्थिंग केलेल्या मॅटला लावायची. वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो फार कामाचा आहे. काम करताना चुकून २३० व्होल्टच्या वायरला हात लागला, तर पट्ट्यातून जमिनीकडे जाणारा करंट हा रेझिस्टर ०.२३ मिलिअँपिअरवर रोखून धरतो, जो सहसा जाणवतही नाही. भार उतरायला मात्र त्याचा अडथळा होत नाही, कारण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत निघून जातो. हातात साधी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडण्याचा जुगाड काही जण करतात. त्यात हा रेझिस्टर नसतो. असला प्रयोग जिवावर बेतू शकतो.

बाजारात वायर नसलेले, 'वायरलेस' मनगटी पट्टेही मिळतात. भार वाहून जायला वाटच नसेल तर तो जाणार कुठे? ते घेऊ नयेत.

मॅटचंही असंच. 'अँटिस्टॅटिक' असं छापलेली साधी रबरी किंवा सिलिकॉनची चटई ऑनलाइन स्वस्तात मिळते. तिला अर्थिंगची वायर जोडायला बटणच नसतं. ती उष्णतारोधक म्हणून सोल्डरिंगला चांगली असेल, स्टॅटिकसाठी तिचा भरवसा नाही.

अर्थिंगचं काय?

आपल्याकडे हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. थ्री-पिन सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक असतं म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. जुन्या वाड्यांत, चाळींत, कित्येक गाळ्यांतही त्या भोकामागे वायर नसते, किंवा असली तरी पुढे कुठे पोचत नाही. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखी झिणझिण होते, टेस्टर मंद पेटतो. बरेच जण याला स्टॅटिक समजतात. ते स्टॅटिक नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असली तर त्यांचा गळता करंट जमिनीत जातो. ती नसली की पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी कमी असल्याने माणूस झिणझिणीवर सुटतो, पण अशा मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबीची केबल जोडताना ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. टेस्टर ठळक पेटत असेल किंवा झिणझिणीऐवजी नीट झटका बसत असेल, तर आत बिघाड असू शकतो. मशीन वापरणं थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

अर्थिंग तपासून घेणं हे त्याचंच काम. सॉकेटच्या भोकात अंदाजाने वायर खुपसणं नको, न्यूट्रलला पट्टा जोडणं तर अजिबात नको. नळाच्या पाइपला वायर बांधण्याचा जुना सल्लाही आता उपयोगाचा नाही, कारण नव्या इमारतींत पाइप प्लॅस्टिकचे असतात. अर्थिंग नसलेल्या घरात प्लग पूर्ण काढून पट्ट्याची चिमटी कॅबिनेटला लावली, तरी हात आणि मशीन एकाच दाबावर येतात. घरगुती कामासाठी तेवढं चालतं.

खोडरबर, टूथब्रश आणि चंदेरी पिशवी

दुरुस्तीच्या काही रुळलेल्या सवयी इथे तपासून बघायला हव्यात. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबरने घासणं ही त्यातली पहिली. त्याने संपर्क स्वच्छ होतात आणि मशीन सुरूही होतं, हे खरं. पण रबर घासणं म्हणजे भार तयार करणं, शिवाय सोन्याचा पातळ मुलामा झिजतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड हा त्याहून बरा मार्ग. खोडरबर वापरायचंच असेल तर मनगटी पट्टा घालून, पट्टी कडांनी धरून.

बोर्ड थिनरने धुताना वापरला जाणारा टूथब्रश नायलॉनचा असतो. त्याच्या जागी काळे, वाहक केसांचे ईएसडी ब्रश मिळतात. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरचं प्लॅस्टिकचं तोंड मदरबोर्डवर फिरवू नये, धुळीच्या घर्षणाने त्यावर चांगलाच भार साठतो. सोल्डरिंग आयर्न दोन पिनचं असेल तर त्याच्या टोकावरूनही गळता दाब चिपपर्यंत पोचू शकतो. रोज बोर्डाचं काम करणाऱ्याने थ्री-पिन स्टेशन घेणं ही चैन नाही.

पिशव्यांबद्दल गैरसमज बरेच आहेत. गुलाबी पिशवी स्वतः फारसा भार तयार करत नाही, पण बाहेरून येणारा झटका ती अडवत नाही. अर्धपारदर्शक चंदेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो आणि तो आतल्या भागाला बाहेरच्या भारापासून झाकतो. मात्र ती बंद असली तरच. भाग पिशवीत ठेवायचा, पिशवीवर नाही. चालू बोर्ड तिच्यावर ठेवला तर तो शॉर्ट होण्याचीही भीती असते. सुटा भाग साध्या पॉलिथिनमध्ये, बबल रॅपमध्ये किंवा थर्माकोलवर ठेवून पाठवणं हे तर आयतं संकट. वॉरंटीसाठी रॅम परत पाठवताना ती कित्येकदा अशीच गुंडाळली जाते.

थर्माकोल, प्लॅस्टिक, चिकटपट्टी यांची आणखी एक खोड आहे. ते रोधक असल्याने त्यांना अर्थिंगला जोडून काही उपयोग होत नाही, त्यांच्यावरचा भार तिथेच बसून राहतो. स्पर्श न होताही जवळच्या चिपवर त्याचा प्रभाव पडतो आणि ती चिप मग कुठल्याही धातूला टेकली की झटका बसतो. कारखान्यांत यासाठी हवेत धन आणि ऋण आयन सोडणारे पंखे असतात. घरी सोपा उपाय म्हणजे चहाचा थर्माकोलचा कप, पॅकिंग आणि पिशव्या टेबलावरून उचलून लांब ठेवणं.

चपलेचं काय, असंही विचारलं जातं. रबरी स्लीपर जमिनीपासून तोडतात, म्हणून भार टिकतो. शहाबादी किंवा मोझॅकच्या फरशीवर अनवाणी माणसावर तो कमी साठतो. पण विजेच्या कामात रबरी चप्पल जीव वाचवते. त्यामुळे अनवाणी काम फक्त प्लग काढलेल्या उपकरणावर.

पट्टा कधी घालायचा नाही?

जिथे वीज चालू आहे किंवा मोठ्या दाबाची साठवण आहे, तिथे. उघडा एसएमपीएस, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही यांच्या आतले भाग प्लग काढल्यावरही भारित राहू शकतात. हजारो व्होल्टच्या यंत्रापाशी मनगट जमिनीशी जोडून बसणं म्हणजे करंटला वाट करून देणं आहे. तिथे माणसाची सुरक्षा आधी, चिपची नंतर. ज्याला हे काम येत नाही त्याने ही झाकणं उघडूच नयेत.

कारखाने आणि मोठी सर्व्हिस सेंटर यासाठी एएनएसआय/ईएसडी एस२०.२० किंवा आयईसी ६१३४०-५-१ ही मानकं पाळतात. तिथे कामाला बसण्याआधी कर्मचारी पट्टा आणि बूट चाचणी यंत्रावर तपासतात, कारण पट्ट्याची वायर आतून तुटलेली असली तरी बाहेरून दिसत नाही. लहान दुकानदाराला हे सगळं जमणार नाही, पण पट्ट्याची तपासणी साध्या मल्टिमीटरवरही होते. आतल्या धातूच्या बाजूपासून चिमटीपर्यंत मोजल्यावर १ मेगाओहमच्या आसपास आकडा आला तर पट्टा ठीक. आकडाच येत नसेल तर वायर तुटली आहे, आणि शून्याजवळ येत असेल तर आत रेझिस्टर नाही. दोन्ही पट्टे टाकून द्यावेत.